साउदर्न पॅसिफिकच्या रुळांवरून : सॅक्रामेंटो ते लॉस एंजेलिस

दिवस पहिला : सॅक्रामेंटो

सॅक्रामेंटोच्या स्टेशनात उतरलात तर बाहेर पडायची घाई करू नका. प्रतीक्षालयाच्या भिंतीवर एक भलंमोठं चित्र आहे, ते आधी बघा. ८ जानेवारी १८६३ रोजी सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचं भूमिपूजन झालं, त्याचा तो देखावा. ध्वज, चिखल, टोप्या घातलेली गर्दी. मधला मुख्य माणूस लीलँड स्टॅनफर्ड. गंमत अशी, की त्या दिवशी तो रेल्वे कंपनीचा अध्यक्ष होता आणि कॅलिफोर्नियाचा गव्हर्नरही. कंपनी आणि सरकार एकाच माणसाच्या हातातल्या फावड्याने पहिली माती उचलत होते.

ताईला मी ते दाखवलं. ताई म्हणजे माझी मावसबहीण, कॅलिफोर्नियातल्याच फ्रीमॉन्ट गावची जुनी रहिवासी. "या गाडीने मी कितीदा आलेय, पण हे चित्र कधी वर मान करून बघितलं नाही," असं म्हणून तिने फोटो काढला आणि लगेच कॉफीचं दुकान शोधायला लागली.

सहलीची कल्पना माझी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साउदर्न पॅसिफिक ही रेल्वे कंपनी कॅलिफोर्नियातल्या शहरांचे महापौर आणि नगरसेवक कसे ठरवायची, याबद्दल वाचता वाचता लक्षात आलं, की त्या गोष्टीतल्या बहुतेक जागा अजून उभ्या आहेत, आणि त्या जोडणारे रूळही जवळजवळ तेच आहेत. मग त्याच रुळांवरून का जाऊ नये?

स्टेशनापासून जुनं सॅक्रामेंटो चालत दहा मिनिटांवर आहे. लाकडी फूटपाथ, नदीकाठ, पर्यटकांसाठी घोडागाड्या आणि टाफीची दुकानं. यातच हंटिंग्टन आणि हॉपकिन्स यांचं लोखंडी सामानाचं दुकान पुन्हा उभारून ठेवलंय. सोनं शोधायला आलेल्यांना फावडी-कुदळी विकणारे हे दोघे, किराणा माल विकणारा स्टॅनफर्ड आणि कापडवाला क्रॉकर, अशा चार व्यापाऱ्यांनी मिळून ती रेल्वे काढली. पुढे तीच साउदर्न पॅसिफिक नावाने राज्यभर पसरली. १८८२ सालीच एका व्यंगचित्र-साप्ताहिकाने तिला ऑक्टोपस म्हणून रंगवलं होतं. ते नाव तिला कायमचं चिकटलं.

शेजारच्या राज्य रेल्वे संग्रहालयाला निदान तीन तास द्या. 'गव्हर्नर स्टॅनफर्ड' आणि 'सी. पी. हंटिंग्टन' ही दोन इंजिनं इतकी चकचकीत ठेवली आहेत, की लग्नाला निघालीत असं वाटावं. तिथे एक स्वयंसेवक आजोबा भेटले, निवृत्त शाळामास्तर. इंजिनांच्या आकड्यांत मला रस नाही हे त्यांनी चटकन ओळखलं. "मग तुम्हाला पासांबद्दल सांगतो," म्हणाले.

पास म्हणजे फुकट प्रवासाचा पास. १८७९च्या राज्यघटनेने अधिकारपदावरच्या लोकांना असे पास द्यायला बंदी केली. पण पक्षाच्या अधिवेशनाला जाणारा प्रतिनिधी अधिकारपदावर थोडाच असतो? संपादक नसतो, वॉर्डातला कार्यकर्ता नसतो, उमेदवार तर अजून निवडूनच आलेला नसतो! १९०६ साली केंद्राच्या कायद्याने फुकट पासांवर बंधनं आणली, तोवर हा कारभार बिनबोभाट चालला. आजोबांचं म्हणणं असं, की पासाची किंमत फार नसे. पण खिशात पास असलेला माणूस स्वतःला घरचा समजायला लागे. पैशाने विकत घेतलेल्या माणसापेक्षा हा जास्त टिकाऊ.

ऑक्टोबर असूनही दुपारी ऊन भाजत होतं. संध्याकाळी मात्र नदीच्या खोऱ्यातून वारा सुटतो आणि शहर एकदम राहण्यासारखं होतं. तेव्हा फिरणं सकाळी आणि सहानंतर, मधला वेळ संग्रहालयात. रात्री एका साध्या जागी टोमॅटोची कोशिंबीर आणि भाजलेली ढोबळी मिरची खाल्ली. हा सगळा टोमॅटोचा मुलूख आहे आणि ते चवीत कळतं.

दिवस दुसरा : जॉन्सन बापलेक

सकाळी 'एच' रस्त्यावरचा जुना गव्हर्नर-वाडा बाहेरून पाहिला. पांढरा, मनोरेवाला, नक्षीदार. हायरम जॉन्सन गव्हर्नर झाल्यावर याच वाड्यात राहिला. रेल्वेला राजकारणातून हाकलून लावीन, एवढ्या एका आश्वासनावर १९१० साली निवडून आलेला हा माणूस सॅक्रामेंटोचाच. आणि त्याचे वडील ग्रोव्ह जॉन्सन रेल्वेच्या बाजूचे पुढारी, काही काळ खासदार.

या घरातलं भांडण महानगरपालिकेच्या निवडणुकीवरून पेटलं, हे मला फार आवडतं. महापौर जॉर्ज क्लार्कच्या बाजूने दोन्ही मुलगे, हायरम आणि आल्बर्ट, उभे राहिले. वडील विरुद्ध बाजूला. एकाच वकिली कचेरीत बसणारे बापलेक सभांमधून एकमेकांवर तुटून पडले. शेवटी मुलांनी सॅन फ्रान्सिस्कोत बिऱ्हाड हलवलं. आपल्याकडे काका-पुतण्यांची सवय असल्यामुळे ताईला यात काहीच नवल वाटलं नाही.

एक प्रश्न मला बरेच दिवस होता. रेल्वेला शहराच्या निवडणुकीत एवढं काय पडलेलं? आगगाडी गावाबाहेरून येते आणि जाते. उत्तर चालता चालता दिसतं. या शहरात जिकडे जाल तिकडे रूळ आडवे येतात. रस्त्यावरून रूळ टाकायची परवानगी नगरसेवक देतात. नदीकाठची, बंदराची जागा कोणाला, हे तेच ठरवतात. आणि याहून मोठं म्हणजे, तेव्हा गव्हर्नरची उमेदवारी पक्षाच्या अधिवेशनात ठरे, अधिवेशनाला प्रतिनिधी वॉर्डांतून जात आणि वॉर्ड शहरातल्या दादाच्या हातात असत. म्हणजे ज्याच्याकडे शहर त्याच्याकडे प्रतिनिधी, ज्याच्याकडे प्रतिनिधी त्याच्याकडे गव्हर्नर. शिवाय रेल्वेचे दर ठरवणारा आयोगही निवडून यायचा, त्याच वाटेने. मतदाराच्या हातात चिठ्ठी येईपर्यंत खरी निवड उरकलेली असे. कंपनीला मतपेट्या पळवायची गरजच नव्हती.

जाता जाता एक सांगते. साउदर्न पॅसिफिकची मक्तेदारी मोडायला वेस्टर्न पॅसिफिक नावाची दुसरी रेल्वे आली. तिचा मार्ग १९०९ साली पुरा झाला, आणि त्या कामावर पंजाबातून आलेले मजूरही होते. त्यांतले पुष्कळ याच खोऱ्यात शेतीत राहिले. आणि ज्या जॉन्सनने रेल्वेला नमवलं, त्यानेच १९१३ साली आशियाई लोकांना शेतजमीन घ्यायला मनाई करणाऱ्या कायद्यावर सही केली. संग्रहालयातल्या आजोबांना मी हे विचारलं होतं. त्यांनी "होय, तोच माणूस," एवढंच म्हटलं आणि चष्मा पुसायला घेतला.

दिवस तिसरा : सॅन फ्रान्सिस्को, मार्केट स्ट्रीट

रेल्वेने रिचमंड, तिथे प्लॅटफॉर्म ओलांडून बार्ट, म्हणजे तिथली मेट्रो, आणि पॉवेल स्टेशनला जमिनीवर. डब्यात जागा मिळाली तर पाण्याच्या बाजूची धरा, कार्किनेझच्या सामुद्रधुनीजवळ गाडी अगदी काठाने जाते.

पॉवेलला जिना चढून वर आलं, की समोर फ्लड बिल्डिंग. कोपऱ्यावर गोलाई घेतलेली, करड्या दगडाची, बारा मजली. १९०४ साली उघडली, १९०६च्या भूकंपातून आणि आगीतून उभी राहिली. सगळे पर्यटक तिच्याकडे पाठ करून केबल कार फिरवायची चकती बघत उभे असतात. साउदर्न पॅसिफिकचं मुख्यालय इथे होतं. कंपनीचा मुख्य वकील विल्यम हेरिन हाच तिचा राजकारण विभाग सांभाळायचा. विभागच म्हणायचे त्याला, इतका उघड कारभार. जिल्ह्याजिल्ह्यात कंपनीचे वकील, आणि त्यांच्या हाताखाली वॉर्डातली माणसं.

मात्र खुद्द सॅन फ्रान्सिस्कोत हेरिनलाही एका माणसाशी सौदा करावा लागे. त्याच्या इमारतीकडे आम्ही मोर्चा वळवला. कोलंबस आणि कर्नी रस्त्यांच्या तिकोनात सेंटिनल बिल्डिंग आहे. तांब्याचा हिरवा रंग चढलेली, चिंचोळी, देखणी. हिचा मालक एब रुफ, आणि सर्वांत वरच्या मजल्यावर त्याची कचेरी. आता इमारत चित्रपट-दिग्दर्शक कोपोलाच्या मालकीची म्हणून प्रसिद्ध आहे. तळमजल्यावर कॅफे आहे, तिथे बसलो. जागेचं भाडं कॉफीत वसूल करतात, पण बसावं.

रुफ हा प्रकार मुळातून समजून घेण्यासारखा. अठराव्या वर्षी बर्कलीचा पदवीधर, भाषांचा नाद असलेला, हुशार वकील. सुरुवातीला राजकारण स्वच्छ करायला निघालेला. १९०१च्या संपानंतर कामगारांचा नवा पक्ष निघाला, तो रुफने हेरला आणि त्याच्या वतीने महापौरपदाला उभा केला कोण, तर नाटकगृहातल्या वाद्यवृंदाचा प्रमुख, यूजीन श्मिट्झ. उंच, दाढीदार, दिसायला राजबिंडा, व्हायोलिन वाजवणारा. तो निवडून आला. १९०५ साली तर अठराच्या अठरा नगरसेवक रुफच्या पक्षाचे आले. म्हणतात, रुफलाही एवढी अपेक्षा नव्हती. यादीत खोगीरभरती म्हणून घातलेली माणसं निवडून आली आणि मग त्यांची भूक भागवायची जबाबदारी त्याच्यावर पडली.

त्यात शहराच्या ट्राम चालवणाऱ्या युनायटेड रेलरोड्स कंपनीला डोक्यावरून विजेच्या तारा टाकायच्या होत्या. शहरातल्या वजनदार लोकांना तारा जमिनीखालून हव्या होत्या. तेवढ्यात १८ एप्रिल १९०६चा भूकंप झाला, निम्मंअधिक शहर जळालं, आणि मे महिन्यात, राखेत, कंपनीला परवानगी मिळाली. रुफला २ लाख डॉलर 'वकिली फी' पोचली. त्यातले ५० हजार महापौराला, ८५ हजार नगरसेवकांत, बहुतेकांना चार-चार हजार. उरलेले रुफचे. आपल्याकडच्या बोलीत सांगायचं तर खोकी पोचली आणि ठराव झाला.

शेजारच्या टेबलावर एक वयस्क बाई होत्या, याच भागात वाढलेल्या, इटालियन वळणाचं इंग्रजी. आमचं बोलणं कुठल्या भाषेत चाललंय म्हणून विचारलं, आणि 'रुफ' हा शब्द ओळखून हसल्या. त्यांच्या आजोबांचं मत होतं, की रुफ चोर होता, पण त्याच्याकडे गेलं की काम व्हायचं. नंतर आलेले सज्जन लोक भेटायचेच नाहीत.

केबल कारसाठी सूचना : पॉवेलची रांग संपत नाही. कॅलिफोर्निया स्ट्रीटची गाडी पकडा, बहुधा रिकामी असते. आम्ही गेलो तेव्हा, २०२४ साली, तिकीट आठ डॉलर होतं, म्हणून दिवसाचा पास परवडला. ही गाडी नॉब हिलवर नेते, जिथे चार व्यापाऱ्यांचे वाडे होते. चारही वाडे आगीत गेले. आता त्या जागी मार्क हॉपकिन्स हॉटेल, स्टॅनफर्ड कोर्ट हॉटेल, हंटिंग्टन पार्क आणि क्रॉकरच्या जागेवर ग्रेस कॅथीड्रल. पार्कात मुलं झोके घेत होती आणि गार वारा कानात शिरत होता. स्वेटर घेऊनच या.

दिवस चौथा : देवळात भरलेलं कोर्ट

सकाळी ३८ नंबरची गिअरी बस. ही बस मुद्दाम घ्या, कारण याच गिअरी रस्त्यावर डिसेंबर १९१२ मध्ये शहराने स्वतःची ट्राम सुरू केली. अमेरिकेतल्या मोठ्या शहरात लोकांच्या मालकीची ती पहिली. खासगी कंपन्यांचा एवढा अनुभव घेतल्यावर १९०९ साली मतदारांनी तिच्यासाठी कर्जरोखे मंजूर केले होते.

आम्हाला जायचं होतं शेरिथ इस्रायल या ज्यू प्रार्थनामंदिरात. भूकंपाने शहराची न्यायालयं पाडली, हे मंदिर मात्र शाबूत राहिलं. म्हणून काही काळ कोर्ट इथे भरलं आणि रुफ इथेच न्यायाधीशांसमोर उभा राहिला. तो स्वतः ज्यू. या मंदिराचे धर्मगुरू जेकब निएटो त्याची समजूत घालायला मध्यस्थी करत होते. आधी कळवून गेलं तर आत बघायला मिळतं. घुमटाखालचा गुलाबी-सोनेरी उजेड अवर्णनीय आहे, पण खरी गंमत पश्चिमेच्या काचेत आहे. मोझेस दहा आज्ञा घेऊन उतरतोय, तो सिनाई पर्वतावरून नाही, चक्क कॅलिफोर्नियातल्याच योसेमिटीच्या दरीतून! मागे एल कॅपिटनचा कडा ओळखू येतो. आम्हाला आत घेणाऱ्या तरुणाने, "आम्ही कॅलिफोर्नियाचे लोक असेच," म्हणून हात पसरले.

खटल्यांची हकीगत कोणाही कादंबरीकाराला लाजवील. 'बुलेटिन'चा संपादक फ्रीमॉन्ट ओल्डर हात धुऊन मागे लागला. साखरवाला रुडॉल्फ स्प्रेकल्सने पैसा घातला. फ्रान्सिस हेनी सरकारी बाजूचा वकील, विल्यम बर्न्स गुप्तहेर. सापळा लावून नगरसेवक पकडले, त्यांनी माफीच्या बदल्यात कबुलीजबाब दिले. मग ते नगरसेवक पदावर तसेच बसवून ठेवले, आणि श्मिट्झ दोषी ठरल्यावर लाच खाल्ल्याचं कबूल केलेल्या याच मंडळींकडून नवा, स्वच्छ महापौर निवडून घेतला. डॉ. एडवर्ड टेलर, वैद्य, वकील आणि शिवाय कवी. मला हा प्रसंग वाचताना दर वेळी हसू येतं.

नोव्हेंबर १९०८ मध्ये भर कोर्टात हेनीवर गोळी झाडली गेली. तो वाचला. त्याच्या जागी खटला चालवायला आला हायरम जॉन्सन. डिसेंबरात रुफला चौदा वर्षांची शिक्षा झाली.

आणि बाकीचे? श्मिट्झची शिक्षा वरच्या कोर्टात रद्द झाली आणि पुढे तो चक्क नगरसेवक म्हणून परत निवडून आला. ट्राम कंपनीचा अध्यक्ष पॅट्रिक कॅलहून याच्याबाबत ज्यूरीचं एकमत झालं नाही. शहरही कंटाळलं होतं. लाच घेणारे पकडले तोवर टाळ्या होत्या, लाच देणाऱ्या बड्यांकडे मोर्चा वळला तशी प्रतिष्ठितांना व्यापाराची काळजी वाटू लागली. १९०९ साली हेनी जिल्हा वकिलाच्या निवडणुकीत पडला, आणि उरलेले खटले गुंडाळले गेले. बड्यांपैकी सॅन क्वेन्टिनच्या तुरुंगात खऱ्या अर्थाने गेला एकटा रुफ. हे ओल्डरच्या मनाला इतकं लागलं, की ज्याला तुरुंगात घालण्यासाठी त्याने वर्षं घालवली, त्याच्याच सुटकेसाठी त्याने मोहीम चालवली. १९१५ साली रुफ सुटला. या सगळ्या गोष्टीत मला सर्वांत मोठा वाटतो तो ओल्डर.

दुपारी मिशन भागात घेवड्याचा बरिटो खाल्ला. शाकाहारी असाल तर घेवड्यात डुकराची चरबी आहे का, हे विचारा. लाजू नका, रोज विचारणारे असतात.

त्या रात्री ताईने पिशवीतून मतदारांसाठीची सरकारी पुस्तिका काढली. २०२४ची निवडणूक तोंडावर होती. राज्याचेच दहा प्रस्ताव, प्रत्येकाला हो किंवा नाही. "एवढं वाचायला मी काय आमदार आहे का?" ही तिची दर दोन वर्षांची तक्रार. तिला सांगितलं, की हे तुझ्या मागे लावलंय रेल्वेने. १० ऑक्टोबर १९११ रोजी जॉन्सनच्या काळात तीन गोष्टी मंजूर झाल्या : लोकांनी थेट कायदा मांडायचा, विधिमंडळाचा कायदा लोकांनी रद्द करायचा, आणि निवडून दिलेल्याला परत बोलवायचं. त्याच दिवशी बायकांना मताधिकारही मिळाला, जेमतेम साडेतीन हजारांच्या फरकाने, आणि तोही सॅन फ्रान्सिस्कोने विरोधात मत दिलेलं असताना. त्यावर ताई चष्मा लावून वाचायला बसली.

आता कंपन्यांनी हेच हत्यार उलटं धरायला शिकून घेतलंय. २०२० साली ॲपवरून टॅक्सी चालवणाऱ्या कंपन्यांनी आणि त्यांच्या भावंडांनी एका प्रस्तावावर २० कोटी डॉलरहून अधिक ओतले आणि तो जिंकला. सॅन फ्रान्सिस्कोत आम्ही होतो तेव्हा खांबाखांबावर 'एल' प्रस्तावाच्या पाट्या होत्या : अशा टॅक्सी कंपन्यांवर कर लावून पैसा सार्वजनिक बससेवेला द्यायचा. परत आल्यावर निकाल पाहिला. प्रस्तावाला बहुमत मिळालं, तरी तो मेला. कारण दुसऱ्या एका प्रस्तावाला जास्त मतं पडली, आणि आपल्याला जास्त मतं पडली तर 'एल' रद्द, असं त्यात लिहून ठेवलं होतं. हेरिन असता तर टोपी काढली असती.

दिवस पाचवा : सांता क्रूझ आणि एक फोटो

सांता क्रूझला जायला आधी ठरवलेली एक खासगी गाडी आलीच नाही आणि फोनही उचलला नाही. मग सॅन होजेपर्यंत लोकल रेल्वे, आणि पुढे डोंगर ओलांडणारी हायवे १७ची सार्वजनिक बस. खरं तर पहिल्यापासून हेच करायला हवं, स्वस्त आहे आणि वळणावळणाचा रस्ता दुसऱ्या कोणाच्या तरी हातात राहतो.

सांता क्रूझला लोक येतात ते समुद्रकाठच्या पाळण्यांसाठी. आम्ही आधी बीच हिलच्या टेकडीवर गेलो. तिथे गोल्डन गेट व्हिला नावाचा जुना बंगला आहे. खासगी घर आहे, तेव्हा रस्त्यावरूनच बघा. सप्टेंबर १९०६ मध्ये रिपब्लिकन पक्षाचं राज्य अधिवेशन या गावात भरलं. तेव्हाचा गव्हर्नर पार्डी रेल्वेला नकोसा झाला होता, त्याच्या जागी जेम्स जिलेट हवा होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रतिनिधींचा गठ्ठा रुफच्या मुठीत. त्या मतांसाठी रुफला हेरिनकडून १४ हजार डॉलर मिळाले, असं पुढे बाहेर आलं. जिलेटला उमेदवारी मिळाली.

आणि मग याच बंगल्यात, मेजर मॅक्लाफलिनकडे, मेजवानी झाली. जेवणानंतर सगळ्यांनी फोटो काढला. मधोमध खुर्चीवर रुफ. त्याच्या मागे उभा भावी गव्हर्नर जिलेट, हात रुफच्या खांद्यावर. हा फोटो 'कॅलिफोर्नियाची लाज' म्हणून गावोगाव छापला गेला. कबुल्या आणि आकडे लोक विसरतात, पण तो हात कोणी विसरलं नाही. तरी त्या वर्षी जिलेट निवडून आला, हेही सांगितलं पाहिजे. फोटोला आपलं काम करायला चार वर्षं लागली. १९१० साली जॉन्सन रेल्वेने प्रवास न करता लाल मोटारीतून राज्य पालथं घालत होता, तोवर उमेदवार अधिवेशनात नाही, तर मतदारांनी थेट निवडायचे, असा कायदा झाला होता. हेरिनला विकत घ्यायला प्रतिनिधीच उरले नव्हते.

संध्याकाळी धक्क्यावर समुद्रसिंह भुंकत होते. आर्टिचोकचं सूप प्यायलो. ताईच्या मते ते पालकाच्या पातळभाजीत दाणे घालायला विसरल्यासारखं लागतं. मला आवडलं.

दिवस सहावा : कोस्ट स्टारलाइट

सॅन होजेहून सकाळी निघणारी ही गाडी रात्री लॉस एंजेलिसला पोचते. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला. काचेच्या डब्यात लवकर जागा धरा, आणि दशमी-चटणी बरोबर ठेवा. सॅलिनासचं खोरं म्हणजे मैलोगणती कोबी आणि लेट्यूस. सॅन लुईस ओबिस्पोच्या आधी गाडी डोंगर उतरताना इतकं वळण घेते, की खिडकीतून आपलंच इंजिन दिसतं. हा मार्गही साउदर्न पॅसिफिकचाच.

समोर सॅलिनासला चढलेल्या एक मेक्सिकन आजी होत्या, नातवाच्या बाप्तिस्म्याला निघालेल्या. त्यांचं इंग्रजी आणि माझं स्पॅनिश दोन्ही बेताचं. त्यांनी डब्यातून तमाले काढले, आम्ही दशम्या. मक्याच्या पानात गुंडाळून उकडलेलं पीठ बघून मला पानगी आठवली. सान्ता बार्बराला त्या उतरेपर्यंत ताईने कृती लिहून घेतली होती.

लॉस एंजेलिसची कथा सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा शांत, पण मला जास्त शहाणपणाची वाटते. इथे रुफसारखा नाटकी कोणी नव्हता. रेल्वेचा माणूस होता वॉल्टर पार्कर, पडद्यामागे राहणारा. त्याच्याविरुद्ध इथल्या लोकांनी माणसं तुरुंगात घालण्याऐवजी नियमच बदलले. डॉक्टर जॉन रँडॉल्फ हेन्स यांच्या आग्रहाने १९०३ सालीच शहराच्या सनदेत निवडून दिलेल्याला परत बोलवायची तरतूद आली, राज्याच्या आठ वर्षं आधी. १९०६ साली काही तरुण वकील आणि पत्रकारांनी पक्षाबाहेरचे उमेदवार उभे केले. बहुतेक जागा मिळाल्या, महापौरपद मात्र हुकलं. निवडून आलेला महापौर आर्थर हार्पर पुढे इतका अडचणीत आला, की १९०९ साली त्याला परत बोलवायची निवडणूक लागली आणि ती होण्याआधीच त्याने राजीनामा दिला. जॉर्ज अलेक्झांडर नावाचे वयस्क गृहस्थ महापौर झाले, तेही एका समाजवादी उमेदवारावर थोडक्यात मात करून. त्याच सुमाराला शहराच्या निवडणुकीतून पक्षांच्या चिन्हांनाच काढून टाकलं. ज्या तरुणांनी हे केलं, त्यांनीच राज्यभर सुधारकांची एक लीग, म्हणजे संघटना, उभारली, जिने जॉन्सनला गव्हर्नर केलं.

दिवस सातवा : युनियन स्टेशन

आदल्या रात्री उशिरा उतरल्यामुळे स्टेशन नीट पाहिलं ते सकाळी. उंच लाकडी छत, चामड्याच्या प्रचंड खुर्च्या, दोन्ही बाजूंना बागा. खुर्च्यांवर बसायला तिकीट दाखवावं लागतं, कालचं चालत नाही. १९३९ साली उघडलेलं हे स्टेशन रेल्वे कंपन्यांनी बांधलं खरं, पण त्यांना ते नको होतं. प्रत्येकीला आपापलं स्थानक, आपापला धंदा. शहराने एकत्र स्थानकाचा हट्ट धरला, तेव्हा कंपन्यांनी त्याऐवजी उन्नत मार्ग बांधून देण्याची लालूच दाखवली. १९२६ साली प्रश्न मतदारांपुढे गेला. कंपन्यांनी एका बाजूने आणि शहरातल्या एका वजनदार वर्तमानपत्राने दुसऱ्या बाजूने कस लावला. युनियन स्टेशन हवं, असा कौल मोठ्या फरकाने लागला. ते इथे, जुन्या चौकाजवळ हवं, हे मात्र जेमतेम मंजूर झालं. कंपन्या कोर्टात गेल्या आणि तिथेही हरल्या.

म्हणजे या शहरात तरी रेल्वे शेवटी मतपेटीत हरली. पण चौकाजवळची जागा काही रिकामी नव्हती. तिथे चायनाटाउन होतं. चिनी स्थलांतरितांना तेव्हा नागरिकत्वच मिळत नव्हतं, त्यामुळे ज्यांची घरं जाणार होती त्यांतल्या बहुतेकांना त्या प्रश्नावर मत नव्हतं. विरोधी प्रचारात आणि बाजूच्या प्रचारातही त्या वस्तीबद्दल जे छापलं गेलं, ते वाचवत नाही. रेल्वेच्या दादागिरीविरुद्ध लढणारे सगळेच गोरगरिबांचे कैवारी होते असा समज करून इथे येऊ नये.

रस्ता ओलांडून ऑल्वेरा स्ट्रीटवर गरम चुरो घ्या. मांसाहारी असाल तर फिलिप्सचं फ्रेंच डिप सँडविच घ्या, तिथली मोहरी डोळ्यांतून पाणी काढते, आणि टेबलं लांबलचक असल्याने अनोळखी माणसांबरोबर बसावं लागतं. १९३८ साली उभं राहिलेलं नवं चायनाटाउन मेट्रोने फक्त एक थांबा पुढे आहे. तिकीट काढू नका, चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात. आम्ही तिथे शाकाहारी नूडल्स खाल्ल्या, ताईने आल्याच्या वड्या घेतल्या, आणि संध्याकाळच्या विमानाने परतलो, कारण दुसऱ्या दिवशी तिला पुस्तिकेतले उरलेले सहा प्रस्ताव वाचायचे होते.